जवाई वाल

मागच्या वर्षी खामगावात एका भंडाऱ्याच्या पंगतीला बसलो होतो. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी होती. वाढणारा माणूस भाजीची बादली घेऊन आमच्या ओळीकडे निघायचा आणि अर्ध्यातूनच वळून समोरच्या ओळीत जायचा. तिथे त्याचे दोस्त बसले होते. दोनतीनदा असं झाल्यावर माझ्या शेजारचा माणूस ओरडला, "काऊन बे, जवाई वाल करून राह्यला का? इकडं बी सोड ना भाजी!"

लोक हसले. वाढणाराही हसला आणि बादली घेऊन आमच्याकडे आला.

मी शेजाऱ्याला विचारलं, "जवाई वाल म्हणजे काय हो?"

"म्हंजे आपल्या मानसायले गुपचूप जास्त द्याचं अन बाकीच्यायले कोरडं ठेवाचं."

"पण वाल कुठला? आणि जावई कोण?"

"थे काय माईत बाप्पा. आमच्या इकडं पयलेपासून म्हन्तेत."

मला माहीत होतं. तो वाल म्हणजे पाण्याच्या नळीवरचा व्हॉल्व्ह, आणि तो जावई खामगावातच, माझ्या घरापासून फार लांब नाही अशा वस्तीत राहत होता. त्याने कोणालाही कोरडं ठेवलं नव्हतं. ते मी ठेवलं होतं. एखाद्या माणसाबद्दलची खोटी गोष्ट गावात राहिली तर ती गावाबरोबर जुनी होते, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावलं होतं. ती बोलीत जाऊन बसेल आणि मला पंगतीत ऐकू येईल, हे डोक्यात आलं नव्हतं. त्या दिवशी मी भाजी न खाताच उठलो.

मी नळयोजनांवर कनिष्ठ अभियंता होतो. नोकरीच्या सुरुवातीला माझ्याकडे संग्रामपूरकडची एक लाइन आली. सातपुड्याच्या पायथ्याशी उंचावर टाकी, आणि तिथून दक्षिणेला सपाटीवर उतरत गेलेली नळी. पंप नाही, मोटर नाही. टाकी उंच, गावं खाली, त्या उंचीच्या जोरावरच पाणी चालायचं. आधी एक गाव लागायचं, त्याला इथे वरचं गाव म्हणतो. पुढे नळी एका बरडावर चढायची, म्हणजे मुरमाड, ओसाड उंचवट्यावर, आणि पलीकडे उतरून शेवटच्या गावाला पोचायची. शेवटचं गाव खारपाणात होतं. तिथल्या विहिरींचं पाणी इतकं खारट की डाळ शिजत नसे आणि चहात दूध टाकलं की फाटत असे. त्या गावाला ही नळी सोडून गोड्या पाण्याची दुसरी सोय नव्हती.

शेवटच्या गावाचाच एक तरुण या लाइनवर वालमन होता. टाकीवरचा व्हॉल्व्ह उघडायचा, ठरल्या वेळाने वरच्या गावाचा बंद करायचा, लाइनवर चक्कर मारायची, हे त्याचं काम. बोलका, हसरा माणूस. गावात शिरला की बायकांना दुरूनच सांगायचा, "भरा वं बायाहो, गंगा आनली!" त्याची बायको वरच्या गावची होती. ही गोष्ट पुढे त्याच्या अंगाशी आली.

बरडाच्या माथ्यावर नळीला एक एअर व्हॉल्व्ह होता. तो कशासाठी असतो ते सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. आमचं पाणी एक दिवसाआड सुटायचं. मधल्या दिवशी नळी रिकामी होऊन तिच्यात हवा शिरायची. पाणी पुन्हा सुटलं की ती हवा पुढे ढकलली जाऊन उंचवट्यावर जमायची, कारण हवा हलकी. तिला बाहेर पडायला तिथे एक भोक ठेवलेलं असतं आणि भोकाखाली एक गोळा असतो. हवा असली की गोळा खाली बसतो, भोक उघडं राहतं. हवा संपून पाणी वर आलं की गोळा तरंगतो आणि भोक बंद करतो. माणूस लागत नाही.

बरडाच्या पायथ्याला मजुरांची एक वस्ती होती. तिला नळ नव्हता. तिथल्या बायांनी शोधून काढलं होतं की बाभळीच्या काडीने गोळा खाली दाबला की भोकातून पाणी उडतं. काडी अडकवून ठेवायची आणि हंडे भरायचे. कालांतराने गोळ्याचा आकारच बिघडला आणि व्हॉल्व्ह सारखा गळू लागला. पाणी सुटलं की बरडावर कारंजं दिसायचं. जाणारा येणारा प्रत्येक माणूस मला तेच सांगायचा. शेवटच्या गावचे लोक तर कचेरीत येऊन म्हणायचे, "साहेब, आमच्या तोंडचं पानी बरडावर सांडून राह्यलं."

मी हिशेब केला. इथे सांडतं तेवढं पाणी थांबवलं की तेवढंच पुढे गावाला जास्त मिळेल. कोणालाही पटेल असा हिशेब आहे. नवा व्हॉल्व्ह मागवला तर बाया पुन्हा काडी घालणार, हेही मला दिसत होतं. म्हणून मी ठरवलं की व्हॉल्व्ह काढून टाकायचा आणि त्याच्या जागी लोखंडी चकती बोल्टांनी आवळून टाकायची. आमच्यात तिला डमी म्हणतात.

बसवायला वालमन आणि मी दोघेच गेलो. वस्तीतल्या बाया रिकामे हंडे घेऊन बाजूला उभ्या होत्या. त्यांतली एक म्हातारी म्हणाली, "साहेब, तुमच्या घरी नळ असन. म्हनून तुमाले हे गळतं दिसते."

मी वालमनाला चकती दिली. वालमनाने पाना लावून बोल्ट आवळले. तो ताकदीचा होता, शेवटच्या बोल्टावर त्याने पान्यात पाइप घालून जोर लावला आणि मला म्हणाला, "पाहा साहेब, आता एक थेंब नाई जात." मी त्याची पाठ थोपटली.

पुढच्या पाण्यापासून शेवटच्या गावाचं पाणी घटलं.

नळ उघडला की आधी फुस्स करून हवा यायची, मग करंगळीएवढी धार, आणि तीही तुटत तुटत. हंडा भरायला इतका वेळ लागायचा की नळावर भांडणं होऊ लागली. मी लाइन तपासली, कुठे फूट नव्हती. आणि त्याच वेळी वरच्या गावात उलटं झालं. तिथे पाणी असं जोरात येऊ लागलं की ज्या घरांच्या माळवदावरच्या टाक्या पूर्वी कधी भरल्या नव्हत्या त्याही भरू लागल्या.

आज मी हे कोणत्याही नवख्या मुलाला खडूने फळ्यावर समजावून सांगू शकतो. नळीतून पाणी चालताना नळीच्या अंगाला घासतं आणि टाकीच्या उंचीने दिलेला जोर वाटेत थोडा थोडा खर्च होतो. जितकं जास्त पाणी, तितका हा खर्च फार वाढतो. पाणी दुप्पट झालं की घासणीतला खर्च जवळजवळ चौपट. बरडावर हवा अडकली तेव्हा पुढे जाणारं पाणी कमी झालं, म्हणून टाकीपासून वरच्या गावापर्यंतची घासणीही कमी झाली आणि वरच्या गावाच्या नळांना जोर वाढून मिळाला. आणि बरडाच्या पलीकडच्या उतारावर नळी भरून वाहण्याऐवजी हवेच्या खालून पाणी ओघळासारखं घरंगळायचं. नळी भरलेली असती तर त्या उताराची उंची पुढच्या पाण्याला ढकलायला कामी आली असती, ती फुकट जात होती. शेवटच्या गावाला उरलेल्या जोरावर जेवढं येईल तेवढंच. कोणी काही चोरत नव्हतं. पण वरच्या गावात तुडुंब आणि खालच्या गावात धार, असं पाहिल्यावर चोरी सोडून दुसरं काय मनात येणार?

आणि पाण्याच्या चाव्या, म्हणजे हे व्हॉल्व्ह, ज्याच्या हातात, त्याची सासरवाडी वरच्या गावात.

आधी थट्टा झाली. तो सायकलवरून आला की पारावरची माणसं म्हणायची, "या जवाईबापू, सासऱ्याले पानी अन गावाले हवा!" तोही सुरुवातीला हसायचा. मग थट्टेतलं हसू गेलं. त्याची बायको नळावर आली की बाया तिला रांगेत मागे सारायच्या. "तुह्या बापाच्या गावातून भरून आन ना वं," असं म्हणायच्या. शेवटी गावाने त्याला मारोतीसमोर उभं केलं. त्या बैठकीला मीही होतो, मला मुद्दाम बोलावलं होतं. गावातला एक शेतकरी पुढाकार घेऊन बोलत होता, मोठ्या आवाजाचा आणि वजनाचा माणूस. तो म्हणाला, "देवाच्या पायाले हात लाव अन सांग."

वालमनाने हात लावला. म्हणाला, "पान्याची कोनतीच चावी म्या खोटी बंद नाई केली. केली असन तं मारोतीनं मले पाहून घ्यावं."

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "साहेब, तुमी काय म्हनता? लाइनीत बिघाड हाय का?"

"लाइन मी तपासली, लाइनीत बिघाड नाही," मी म्हणालो.

ते मी तेव्हा खरं समजूनच म्हणालो होतो. पण माझ्या त्या एका वाक्याने त्याच्या शपथेची किंमत संपली. लाइन चांगली असेल तर माणूस वाईट, एवढंच उरलं. गावाने अर्ज दिला आणि तो कामावरून निघाला. कागद माझ्या सहीनेच पुढे गेला.

नवा माणूस मिळेपर्यंत काही दिवस व्हॉल्व्ह मीच जाऊन उघडत होतो. त्यातल्या एका दुपारी बरडावरून येताना डमीजवळ थांबलो. नळीत पाणी सुटलेलं होतं. चकतीला कान लावला तर आतून खळखळ ऐकू आली. भरलेल्या नळीचा आवाज असा नसतो. मी पाना घेऊन एक बोल्ट सैल केला. हवा शिटी वाजवत बाहेर येऊ लागली. मला वाटलं, क्षणभर येईल आणि थांबेल. ती थांबेना. मी मुरमावर बसून राहिलो आणि ती शिटी वाजत राहिली. मग आवाज बदलला, फेस आला, आणि मग पाणी.

तेव्हा मला सगळं कळलं. कॉलेजात हे शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. पण गळती डोळ्यांना दिसत होती आणि हवा दिसत नव्हती, आणि मी डोळ्यांवर विश्वास ठेवला.

त्या संध्याकाळी शेवटच्या गावाला भरपूर पाणी आलं. पुढच्या काही दिवसांत मी डमी काढून नवा एअर व्हॉल्व्ह बसवला आणि त्यावर कुलूपबंद चेंबर बांधून घेतला. वस्तीतल्या बायांना त्यातूनही काही मिळालं नाही; त्यांचा नळ माझी बदली झाल्यावर कितीतरी काळाने झाला, आणि तो मी केला नाही. व्हॉल्व्हचं काम चाललं होतं त्याच सुमारास नवा वालमन कामावर रुजू झाला होता.

गावाने काय पाहिलं? जुना वालमन गेला, नवा आला, आणि पाणी आलं. आणखी पुरावा कशाला हवा होता? मारोतीसमोर नवा वालमन आणि मी अशा दोघांच्या हातात नारळ दिले. तोच मोठ्या आवाजाचा शेतकरी म्हणाला, "मानूस बदलला अन पानी आलं. देवानंच दाखवलं." मी नारळ घेतला. खोबरंही खाल्लं.

तिथे एक वाक्य बोलायचं होतं. का बोललो नाही ते सांगतो, ते ऐकून मी चांगला ठरत नाही. डमी बसवून गळती बंद केल्याबद्दल माझ्या वरच्या साहेबांनी बैठकीत माझं कौतुक केलं होतं आणि बाकीच्या लाइनींवरही तसंच करा म्हणून सांगितलं होतं. ठिकठिकाणी डम्या बसल्या होत्या. मी तोंड उघडलं असतं तर सगळ्यांना निस्तरावं लागलं असतं. नंतर मी एकेक करून त्या काढायला लावल्या, निरनिराळी कारणं सांगून. म्हणजे नळ्या मी दुरुस्त केल्या. आणि मला असंही वाटायचं की एअर लॉक वगैरे या खेड्यातल्या लोकांना समजणारच नाही, मग सांगून फायदा काय. हे दुसरं कारण मी वर्षानुवर्षं वापरलं.

वालमन बायकोला घेऊन खामगावला गेला आणि एका तेलाच्या मिलमध्ये लागला. तिथे त्याच्याच गावची काही माणसं होती. त्यांच्यामुळे 'जवाई' हे नाव आणि वालाची ती गोष्ट मिलमध्येही आली आणि पुढे वस्तीतही. मीही निवृत्त होऊन खामगावलाच राहिलो, माझं मूळ घर इथलं. बाजारात तो एकदोनदा दिसला होता. मी रस्ता बदलला होता.

भंडाऱ्यानंतर मी त्याचा पत्ता काढला आणि गेलो. दुपारची वेळ होती. तो ओसरीवर बसून पायाला तेल चोळत होता. मला ओळखलं. "या साहेब," म्हणाला आणि बायकोला चहा ठेवायला सांगितलं.

पूर्वी मी त्याला अरे-तुरे करायचो. आता दोघांचेही केस पांढरे. मी म्हणालो, "तुमच्याशी जरा बोलायचं होतं."

तो चोळता चोळता थांबला. "काई वाईट झालं का साहेब? तुमी मले तुमी काऊन म्हनून राह्यले?"

मी सांगितलं. व्हॉल्व्ह, डमी, हवा, वरच्या गावाचा जोर, सैल केलेला बोल्ट, नवा वालमन, नारळ. त्याची बायको चहाचे कप घेऊन दारात उभी राहिली आणि तशीच ऐकत राहिली.

माझं झाल्यावर त्याने तेलाची वाटी बाजूला सारली. मग म्हणाला, "बोल्ट म्याच आवळले होते, साहेब. पाइप घालून आवळले होते."

"मी सांगितलं म्हणून."

"हाव, पन आवळले म्याच. म्हंजे बंद म्याच केलं." त्याने माझ्याकडे पाहिलं. "सगयं गाव खोटं म्हने. नातेवाईक खोटं म्हनत. माह्याजवय एकच गोष्ट होती का म्या देवासमोर खोटं नाई बोललो. थे बी तुमी आज घेऊन चालले का?"

याचा मी विचारच केला नव्हता. मी त्याला काहीतरी परत द्यायला आलो होतो असं मला वाटत होतं.

त्याची बायको पुढे आली. कप खाली ठेवले, थोडा चहा बशीत सांडला. "तुमी काय म्हनले होते देवासमोर?" तिने नवऱ्याला विचारलं. "पान्याची चावी. पान्याची म्हनले होते ना? आता हे साहेब सोताच सांगून राह्यले का तुमी बंद केली थे हवा होती. हवेची शपथ कोनं घातली होती तुमाले?"

तो तिच्याकडे पाहत राहिला.

"अन मारोती काय हवा वयखत नाई का?" ती म्हणाली. "हवेचाच पोरगा हाय थो."

त्याला हसू आलं, नको असताना आलं. मग ते गेलं आणि तो माझ्याकडे वळला. "साहेब, वाल परत बसवला तवा मले काऊन नाई सांगतलं?"

"भीती वाटली."

"मायी?"

"साहेबांची. लोकांची."

"म्हंजे मायी नाई," तो म्हणाला.

मी चहा पिऊ शकलो नाही. ती म्हणाली, "प्या, इथलं पानी गोड हाय." मग प्यायलो.

मी विचारलं, मी काय करू? तो म्हणाला, "मले सांगून काय होते? मले तं माईतच होतं का म्या नाई केलं. तिथं जाऊन सांगा. मारोतीसमोर, जिथं लाइन चांगली हाय म्हनून सांगतलं होतं, तिथंच. अन मी संग येनार नाई. मी आलो तं लोक म्हनतीन, जवायानं साहेबाले धरून आनलं."

"मी एकटाच जातो," मी म्हणालो.

मी गेलो. बसने गेलो, फाट्यावर उतरून चाललो. गाव बरंच बदललं आहे, आता तिथे मोठ्या योजनेचं पाणी येतं आणि आमची जुनी नळी जमिनीत पडून आहे. मारोतीच्या पारावर म्हातारी माणसं बसली होती, काही तरणीही. मोठ्या आवाजाचा तो शेतकरी होता. आता त्याला नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून आवाज आणखी मोठा झाला होता. मी कोण ते सांगितल्यावर त्यांना वाटलं मी नव्या योजनेच्या कामाला आलो. "नवी टाकी कधी भरनार थे सांगा पयले," एकजण म्हणाला.

मी म्हणालो, मी आता नोकरीत नाही, जुन्या लाइनीचं सांगायला आलोय. उभं राहूनच सांगितलं. जमिनीवर काडीने टाकी काढली, बरड काढलं, गाव काढलं. बरडाच्या माथ्यावर बोट ठेवून म्हणालो, इथे मी हवा कोंडली.

माझं समजावणं अर्ध्यावर आलं तोच मागून एकजण म्हणाला, "एअर धरली होती म्हना ना."

"हो," मी म्हणालो, "एअर धरली होती."

"आमच्या मोटरीचा पाइप रोज एअर धरते साहेब. पाइप हलवा लागते, मंग पानी फेकते. एवढंच होतं का?"

"एवढंच होतं."

सगळ्यांना कळलं, माझं चित्र पुरं होण्याआधी कळलं. जे यांना समजणार नाही असं धरून मी इतकी वर्षं गप्प होतो, ते त्यांना त्यांच्या शेतातल्या मोटरीवरून माहीत होतं.

एकाने मोठ्या आवाजाच्या शेतकऱ्याच्या कानाशी जाऊन पुन्हा सगळं ओरडून सांगितलं. तो मन लावून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मंग थो नवा वालमन? त्याले आपन नारळ काऊन देल्ला?"

"फुकटच देल्ला," कोणीतरी म्हणालं. तरणी पोरं हसली. एक म्हणाला, "साहेबानं बी खाल्ला असन." मी म्हणालो, हो, खाल्ला. मग हसणं थांबलं.

त्या शेतकऱ्याने मी काढलेल्या रेघांकडे पाहिलं. "म्या त्याले इथं उभं केलं होतं," तो म्हणाला. "हात लावाले लावला होता." एकाने मला विचारलं, "आता काय करा म्हनता साहेब?" मी म्हणालो, माझं काही म्हणणं नाही, जे झालं ते सांगायला आलो होतो. त्यांनी मला बसवून घेतलं नाही आणि हाकललंही नाही. फाट्यापर्यंत एकजण मोटारसायकलवर सोडायला आला. मी उतरताना तो म्हणाला, "लय उशीर केला साहेब." मी म्हणालो, हो.

त्यानंतर गावात पुढे काय झालं ते काही काळ मला कळलं नाही. मी पुन्हा त्याच्या घरी गेलो नाही, कारण तिथे जाऊन 'सांगून आलो' म्हणणं म्हणजे पावती मागण्यासारखं झालं असतं. माझा फोन नंबर मात्र मी पहिल्या भेटीत त्याच्या बायकोकडे ठेवला होता. एके सकाळी तिचा फोन आला.

"थो म्हातारा आला होता," ती म्हणाली.

"कोण?"

"ज्यानं मारोतीच्या पायाले हात लावाले लावला थो. नातवाच्या गाडीवर बसून आला."

"काय म्हणाला?"

"काई नाई. कापसाचं बोलला. गुडघ्याचं बोलला. दोन कप च्या पेला. मले म्हने, तुह्या बापाले म्या वयखत होतो, चांगला मानूस होता. मंग गेला."

"माफी मागितली का?"

"अवो, असे लोक माफी मागतेत का? आला एवढ्या लांब थेच." मग ती फोनपासून लांब होऊन म्हणाली, "घ्या, बोला."

पलीकडे काहीतरी खडखडलं आणि त्याचा आवाज आला. खोकला, आणि मग, "साहेब, हे सांगाचं होतं का थो दारात उतरला अन त्यानं मले नावानं हाक मारली. पूर्ण नावानं, बापाच्या नावासगट. इथं मले सगये जवाईच म्हन्तेत, घरची बी 'आयकलं का' म्हनूनच बोलावते. मले समजलंच नाई कोनाले बोलावून राह्यला. मी बसूनच राह्यलो."

"मग?"

"मंग त्यानं आखीन एकदा मारली. तवा उठलो."